रुमाल, तसबीर आणि मूळ नाटकाचा शोध

मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना एका वाक्यापाशी मी दरवर्षी अडखळत असे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ हे आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या ‘ऑल इन द राँग’ या प्रहसनवजा सुखात्मिकेवर आधारलेले आहे आणि मर्फीने आपले कथानक मोलिएरच्या ‘स्गानारेल’वरून घेतले होते, असे ते वाक्य. या ना त्या शब्दांत ते बहुतेक वाङ्मयेतिहासांत आढळते. विद्यार्थी ते उतरून घेतात, परीक्षेत लिहितात आणि त्याचे गुणही त्यांना मिळतात. मर्फी प्रत्यक्ष वाचलेला मनुष्य मात्र विरळा. मीही तो वाचलेला नव्हता.

काही वर्षांपूर्वी कवठे महांकाळला तास चालू असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे मूळ नाटक वाचाय कुठं घावंल?” घरची द्राक्षबाग, सकाळी औषधफवारणी उरकून तासाला येणारा मुलगा. प्रश्न खोडसाळ नव्हता. ज्या पुस्तकाचे नाव वर्गात इतक्या आत्मविश्वासाने घेतले जाते ते कुठेतरी असणारच, अशी त्याची सरळ समजूत होती. ‘ग्रंथालयात पाहतो’ असे मी म्हणालो आणि पाहिलेही. शेक्सपिअरच्या काही टीपायुक्त आवृत्त्या, मार्लो, गोल्डस्मिथ आणि शेरिडन यांची कधीकाळी अभ्यासक्रमाला लागलेली नाटके, आणि त्या प्रत्येकाशेजारी मूळ पुस्तकाहून जाड असे ‘गाइड’, एवढाच आमचा इंग्रजी नाटकांचा संसार होता. मर्फी त्यात असण्याचे काही कारणही नव्हते.

या अभावाची टोचणी लागण्यास एक स्थानिक कारण होते. देवल हे हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे ते गाव कवठे महांकाळपासून चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या अंतरात येते. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी या गावच्या एका माणसाच्या हाती जे पुस्तक पडले होते ते आज आमच्या हाती नसावे, ही गोष्ट मनाला पटेना. या लेखात त्या शोधाची हकीकत सांगायची आहे. परंतु त्याआधी, इंग्रजी नाटक या कृष्णाकाठी कसकसे आले याचा थोडा मागोवा घेतला पाहिजे. कारण साधने कोठे शोधावीत याचे निम्मे उत्तर त्या इतिहासातच आहे.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले तेव्हा त्यांच्यासमोर कोणतेही इंग्रजी पुस्तक नव्हते. चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय, कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळाचे निमित्त आणि पुराणकथा एवढ्यावर तो प्रयोग उभा राहिला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्यानंतरच्या पिढीत शेक्सपिअर हा परीक्षेचा विषय झाला आणि परीक्षेतून तो रंगभूमीवर उतरला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ चे. शेक्सपिअरच्या नाटकाचे ते पहिले मराठी भाषांतर.

यापुढची नावे पाहिली की सातारा-सांगलीच्या वाचकाला आपल्या घरचीच माणसे भेटल्यासारखे वाटते. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ साली टिळकांसह एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात असताना ते ‘हॅम्लेट’च्या भाषांतराला लागले आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट गाजला. शाहूनगर म्हणजे सातारा. नाट्याचार्य खाडिलकर १८७२ साली सांगलीतच जन्मले. ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या त्यांच्या नाटकात हॅम्लेट आणि इयागो हे दोघेही पेशवाईच्या पोशाखात येऊन उभे राहतात. एक सवाई माधवरावाच्या रूपाने, दुसरा केशवशास्त्र्याच्या. आणि या दोघांच्या मध्ये देवल. १८५५ चा जन्म, बेळगावात शिक्षण, तेथेच अण्णासाहेब किर्लोस्करांसारखे गुरू. त्यांचे ‘दुर्गा’ १८८६ चे. त्याच्या मुळाशी टॉमस सदर्नचे ‘इझाबेला’ अथवा ‘फेटल मॅरिज’ हे नाटक आहे. १८९० चे ‘झुंजारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’. १८९३ चे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणजे मर्फी. याच गद्य नाटकाला पुढे पदे जोडून १९१६ मध्ये, देवलांच्या निधनाच्या वर्षी, ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आले.

या सर्वांकडे साधने किती होती? आगरकरांकडे तुरुंगात संदर्भग्रंथांचे कपाट नव्हते. देवलांना एका नाटकाच्या तीन आवृत्त्या शेजारी ठेवून पाठभेद पाहण्याची सोय नव्हती. प्रत बहुधा एकच असे. परंतु ती अथपासून इतिपर्यंत वाचलेली असे. विसाव्या शतकात महाविद्यालये तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, ही निःसंशय मोठी गोष्ट घडली. पण त्याबरोबर एक उलटी गोष्टही घडली. मूळ पुस्तक दुर्मिळ होत गेले आणि त्याचा सारांश सुलभ होत गेला. ‘हॅम्लेटच्या दिरंगाईची कारणे’ हा प्रश्न दहा गुणांसाठी तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला हॅम्लेट कधी भेटलाच नाही, अशा पिढ्या आम्ही घडवल्या. त्यात शिक्षकांचा दोष नाही असे मी म्हणणार नाही. मी त्यांतलाच एक आहे.

महाजालाने हे चित्र बदलले असे सर्वत्र म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. मायकेल हार्टने १९७१ साली प्रोजेक्ट गुटेनबर्गचा आरंभ केला. मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या एका संगणकावर १९९३ पासून शेक्सपिअरची समग्र नाटके कोणालाही वाचण्यास खुली झाली. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ती पाने छापून आणल्याचे माझ्या पिढीतील अनेकांना स्मरत असेल. आज तीच नाटके बागेच्या बांधावर बसून हातातल्या फोनवर वाचता येतात. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. महाजालावर शेक्सपिअरचे जे फुकट पाठ सर्वाधिक पसरले त्यांपैकी पुष्कळांचे मूळ ‘मोबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय पाठात आहे, आणि मोबीचे मूळ केंब्रिजच्या क्लार्क आणि राइट यांनी १८६४ साली काढलेल्या एकखंडी ‘ग्लोब’ आवृत्तीत आहे. म्हणजे देवल नऊ वर्षांचे असताना विलायतेत जो पाठ छापला गेला तोच आज आमच्या फोनवर येतो. माध्यम आजचे, पाठ मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळचा. मधल्या दीडशे वर्षांत शेक्सपिअरच्या पाठचिकित्सेत जे मंथन झाले ते या फुकट प्रतीत नाही, आणि नाही हे ती प्रत आपण होऊन सांगत नाही.

याने बिघडते काय, असे कोणी विचारील. ‘ऑथेल्लो’चेच उदाहरण घेऊ. हे नाटक प्रथम १६२२ साली क्वार्टो आकारात छापले गेले आणि पुढच्याच वर्षी, १६२३ मध्ये, शेक्सपिअरच्या पहिल्या फोलिओत. दोन्ही पाठ एकसारखे नाहीत. फोलिओत सुमारे एकशे साठ ओळी अधिक आहेत. झोपण्यापूर्वी डेस्डेमोना जे विलोचे गाणे म्हणते ते क्वार्टोत नाही. त्याच प्रवेशाच्या अखेरीस बायका चुकतात त्याला नवरेच जबाबदार असतात, असे एमिलिया ज्या भाषणात बजावते तेही क्वार्टोत नाही. उलट, क्वार्टोतील पन्नासाहून अधिक शपथा फोलिओत गाळलेल्या अथवा सौम्य केलेल्या आहेत. नटांनी रंगमंचावर देवाचे नाव घेऊ नये असा कायदा इंग्लंडमध्ये १६०६ साली झाला होता, त्याचा हा परिणाम मानला जातो. संपादक हे दोन पाठ एकत्र करून एक सलग नाटक तयार करतात आणि आपण त्याला ‘मूळ ऑथेल्लो’ म्हणतो. एमिलियाचे ते भाषण असलेले नाटक आणि नसलेले नाटक यांत स्त्रीच्या बाजूचा आवाज किती बदलतो हे नाटक शिकवणाऱ्याला वेगळे सांगावयास नको. ‘झुंजारराव’ची ‘ऑथेल्लो’शी तुलना करावयास बसणाऱ्या विद्यार्थ्याने आधी ‘कोणता ऑथेल्लो?’ असे विचारले पाहिजे.

सुदैवाने हा प्रश्न विचारणाऱ्यासाठीही महाजालावर चांगली ठिकाणे आहेत. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाने बार्बरा मोवॅट आणि पॉल वर्स्टिन यांनी संपादलेला पाठ २०१२ पासून खुला करण्यास आरंभ केला. कोणता शब्द क्वार्टोतला आणि कोणता फोलिओतला हे त्यात खुणांनी दाखवलेले असते. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात मायकेल बेस्ट यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पाने जुन्या स्पेलिंगांतील क्वार्टो आणि फोलिओ अक्षरशः उतरवून ठेवले. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने आपल्या फोलिओच्या पानापानाची छायाचित्रे २०१३ मध्ये सर्वांसाठी मांडली. आणि केवळ शेक्सपिअर नव्हे; १७०० पूर्वीच्या इंग्रजी छापील ग्रंथांपैकी पंचवीस हजारांहून अधिक ग्रंथांचे टंकित पाठ २०१५ च्या पहिल्या दिवशी खुले झाले. डेस्डेमोनाच्या एका रुमालासाठी केवढे हे रामायण, अशी टवाळी टॉमस रायमरने १६९३ साली केली होती, हे आपण समीक्षेच्या पुस्तकांत वाचलेले असते. ते रायमरचे पुस्तक आता आपले आपण वाचून पाहता येते, आणि टवाळीमागे त्याचा नाट्यविचार काय होता हेही समजून घेता येते.

आता मर्फीकडे वळू. शेक्सपिअर शोधणे सोपे. त्याच्यामागे ग्रंथालये उभी आहेत. दुय्यम गणल्या गेलेल्या नाटककाराची गोष्ट निराळी. मर्फी हे नाव टंकले की प्रथम तो प्रसिद्ध ‘मर्फीचा नियम’ समोर येतो. जे बिघडू शकते ते बिघडतेच, असे सांगणारा. आमच्या शोधाला तो साजेसाच होता. नाटकाचे पूर्ण नाव घातल्यावर इंटरनेट आर्काइव्ह आणि गुगल बुक्स यांवर अठराव्या शतकातल्या प्रती सापडल्या. त्यांतील अक्षर न अक्षर शोधता येते असा संगणकाचा दावा. पण शोधलेले शब्द मिळेनात. कारण लक्षात यायला एक दिवस गेला. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या आरंभी व मध्ये येणारा ‘एस’ लांब काढत, आणि तो ‘एफ’सारखा दिसे. छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारे यंत्र त्याला ‘एफ’च समजते. त्यामुळे ‘वाइज’ म्हणजे शहाणा या शब्दाचा ‘वाइफ’ होतो. बायकोवरच्या संशयाचे नाटक, आणि यंत्राला प्रत्येक शहाण्याच्या जागी बायको दिसते! फाल्गुनरावाची दृष्टी याहून निराळी ती काय होती?

उपाय ग्रंथेतिहासातच सापडला. १८०० च्या सुमारास हा लांब ‘एस’ इंग्रजी छपाईतून उठला. तेव्हा त्यानंतरची आवृत्ती शोधावयाची. एलिझाबेथ इंचबाल्ड या नटी-नाटककर्तीने प्रत्येक नाटकाला स्वतःची प्रस्तावना जोडून १८०८ साली ‘ब्रिटिश थिएटर’ ही पंचवीस खंडांची माला सिद्ध केली. इंग्रजी रंगभूमीवर त्या वेळी चालती असलेली नाटके तीत आहेत. मर्फीचे हे नाटक आहे आणि देवलांनी ‘दुर्गा’साठी घेतलेली ‘इझाबेला’ही आहे. खंड स्वच्छ छापलेले आहेत. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका जाणत्या रंगकर्मी स्त्रीला ही नाटके कशी वाटली हेही कळते. नाटकाच्या नावाने शोधण्याऐवजी मालेच्या नावाने शोधावे, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

त्या मुलाने आणि मी पंधरा दिवसांत ‘ऑल इन द राँग’ वाचले. त्याच्याजवळ फोन, माझ्याजवळ छापून घेतलेली पाने आणि मध्ये एक शब्दकोश. हे पाच अंकी नाटक १७६१ च्या जूनमध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात प्रथम झाले. मर्फी मूळचा आयर्लंडचा. वकील, नाटककार आणि पुढे जॉन्सन व गॅरिक यांचा चरित्रकार. मोलिएरचे ‘स्गानारेल’ १६६० चे, एकअंकी आणि पद्यात्मक. बेशुद्ध पडणारी तरुणी, तिला सावरणारा परका गृहस्थ, खिडकीतून ते पाहणारी त्याची बायको, तरुणीच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर, ती बायकोने उचलणे आणि बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर नवऱ्याने पाहणे, हा सारा सांगाडा मोलिएरपासून मर्फीपर्यंत आणि मर्फीपासून देवलांपर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. सर जॉन रेस्टलेस म्हणजे आपले फाल्गुनराव, लेडी रेस्टलेस म्हणजे कृत्तिका, बेव्हर्ली म्हणजे अश्विनशेठ आणि बेलिंडा म्हणजे रेवती. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देण्याची योजना मात्र खास देवलांची.

येथवर वाङ्मयेतिहासातील ते वाक्य खरे ठरले. परंतु मूळ वाचल्याखेरीज जे दिसले नसते ते यापुढे आहे. मर्फीची बेलिंडा ही ब्लँडफर्ड नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाची मुलगी. बाप तिचे लग्न भलत्याशी लावू पाहतो ही तिची अडचण आहे. पण ती घरंदाज आहे याविषयी नाटकात कोणालाही शंका नाही. बेव्हर्लीला तिचा संशय येतो तो त्याच्या स्वभावाचा दोष म्हणून. देवलांनी ही बेलिंडा उचलली आणि तिला नायकिणीच्या घरात जन्माला घातले. मी हे वर्गात सांगण्यापूर्वीच तो मुलगा म्हणाला, “सर, बेलिंडाच्या मागं बाप उभा हाय. रेवतीच्या मागं कोण हाय?”

या एका प्रश्नाने नाटकाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रेवतीवर अश्विनशेठने संशय घेण्यापूर्वी समाजाने तो घेऊन ठेवलेला आहे. तिच्या निष्ठेवर विश्वास ठेवणे हेच मुळात लोकांच्या समजुतीविरुद्ध जाणे आहे. त्यामुळे अश्विनशेठ क्षणभर डळमळतो तेव्हा तो केवळ उतावळ्या प्रियकरासारखा डळमळत नाही. साऱ्या गावाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. हसता हसता प्रेक्षक ज्या ठिकाणी किंचित गप्प होतो ते हे ठिकाण, आणि ते मर्फीत नाही. ‘शारदा’ लिहिणारे देवल प्रहसन लिहितानाही बदललेले नव्हते. ‘परक्या नाटकाचे रूपांतर’ असा शिक्का मारून आपण ज्या कृतीची बोळवण करतो तिच्यातले स्वतंत्र काय हे मूळ कृती हाती असल्यावाचून सांगता येत नाही. मूळ वाचल्याने देवल उणे झाले नाहीत; त्यांचे देणे नेमके कोणते ते मोजता आले.

आणखी एक गोष्ट याच वाचनात सुचली. ‘झुंजारराव’ १८९० चे आणि ‘तसबिरीचा घोटाळा’ १८९३ चे. तीन वर्षांच्या अंतराने देवलांनी अशी दोन इंग्रजी नाटके निवडली की ज्यांत एक निर्जीव वस्तू संशयाचा पुरावा होऊन बसते. एकीत रुमाल, दुसरीत तसबीर. रुमाल मुद्दाम पेरलेला आहे, त्याच्यामागे इयागोची बुद्धी आहे; म्हणून तेथे मृत्यू येतो. तसबीर योगायोगाने पडलेली आहे, तिच्यामागे कोणीच नाही. म्हणून तेथे हसू येते. परंतु पाहणाऱ्याचे डोळे दोन्हीकडे एकच. जे पाहावयाचे ठरवले आहे तेच त्यांना दिसते. ऑथेल्लो आणि फाल्गुनराव हे एकाच रोगाचे दोन रोगी, आणि देवलांनी ते पाठोपाठ तपासले. विद्यार्थ्यांना शोकात्मिका आणि सुखात्मिका यांतील भेद शिकवण्यासाठी व्याख्यांपेक्षा ही जोडी अधिक उपयोगी पडते, असा माझा गेल्या काही वर्षांचा अनुभव आहे.

अर्थात महाजालाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा हक्काची. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. देवल, आगरकर, खाडिलकर आता सर्वांचे आहेत. परंतु शिरवाडकरांचे निधन १९९९ चे, तेव्हा ‘राजमुकुट’ अथवा ‘नटसम्राट’ २०५९ सालापर्यंत मुक्त नाहीत. विंदांचा ‘राजा लिअर’ही तसाच. त्यांच्या चोरट्या प्रती फिरवणे हा अभ्यास नव्हे. ती पुस्तके विकतच घ्यावीत अथवा ग्रंथालयातून आणावीत. इंग्रजीतल्या आजच्या उत्तम टीपायुक्त आवृत्त्यांनाही हेच लागू. अनुदानित महाविद्यालयांना इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून नियतकालिके आणि ग्रंथ मिळू शकतात आणि ‘शोधगंगा’वर प्रबंध वाचता येतात. आपल्या महाविद्यालयात ती सोय आहे का, हे विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांना अवश्य विचारावे.

दुसरी मर्यादा नोंदींची. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात हजारो मराठी पुस्तकांची पाने टिपली गेली आणि त्यांच्या प्रती पुढे इंटरनेट आर्काइव्हवर आल्या. परंतु त्यांची नावे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी, टंकलेली आहेत. ‘संशय’ आणि ‘कल्लोळ’ कधी जोडून, कधी तोडून. ‘ळ’चे कधी ‘ल’, कधी आणखी काही. एका लेखनाने न सापडलेले पुस्तक दुसऱ्या लेखनाने सापडते. शोधणाऱ्याने चिकाटी सोडू नये आणि पहिल्याच नकाराला खरे मानू नये.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर. महाजालावर आहे म्हणजे कायम आहे, ही समजूत खोटी आहे. ब्रिटिश लायब्ररीने शेक्सपिअरच्या दुर्मिळ क्वार्टो प्रती २००४ पासून सर्वांना पाहावयास ठेवल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तिची अनेक डिजिटल दालने दीर्घकाळ बंद पडली. आम्हां सांगलीकरांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. १८६९ साली स्थापन झालेल्या सांगलीच्या नगर वाचनालयात ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पुस्तके भिजून गेली. ज्या कृष्णेच्या काठी हे सारे नाटक जन्मले तिनेच त्याचे कागद नेले. शेक्सपिअरची छत्तीस नाटके १६२३ च्या फोलिओत आली. त्यांतली अठरा त्यापूर्वी छापलीच गेली नव्हती. सहकारी नटांनी तो खटाटोप केला नसता तर ‘मॅकबेथ’ आणि ‘टेम्पेस्ट’ यांची आज नावेच उरली असती. पुस्तक टिकते ते अनेक ठिकाणी असल्यामुळे. कागदावर की पडद्यावर हा प्रश्न दुय्यम आहे.

कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतला तालुका. आगरकरांच्या टेंभूजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने चढवीत पूर्वेकडच्या दुष्काळी भागांकडे आणले जाते, म्हैसाळहूनही येते. परंतु पाणी कालव्याला आले म्हणजे वावरात आले असे नव्हे; पोटचारी ज्याची त्याला काढावी लागते. महाजालावरच्या साधनांचेही तसेच आहे. कोणता पाठ, कोणी संपादलेला, कोणत्या सालच्या छपाईवरून घेतलेला, या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्याखेरीज कोणत्याही नाटकाला हात घालू नये, असा नियम आता आम्ही वर्गात केला आहे. नियम लहान आहे, पण त्यामुळे ‘गाइड’ आपोआप मागे पडते. कारण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात नसतात.

पुढचे काम उघड आहे, आणि ते विलायतेतल्या कोणी आपल्यासाठी करून ठेवणार नाही. ‘ऑथेल्लो’चे दोन पाठ आपण शेजारी ठेवून वाचू लागलो, तसे १८९३ चा गद्य ‘तसबिरीचा घोटाळा’ आणि १९१६ चे ‘संगीत संशयकल्लोळ’ ओळीला ओळ लावून वाचले पाहिजेत. पदे आली तेव्हा कोणते संवाद गेले, रेवतीच्या तोंडचे काय वाढले आणि काय कमी झाले, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी जुन्या प्रती लागतील. त्या या भागातल्या कोणाच्या माळ्यावर, कोणा नाट्यवेड्या आजोबांच्या पेटीत, कोणा गावच्या वाचनालयाच्या बंद कपाटात असू शकतात. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्यांच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी ठेवावीत. या कामी तो द्राक्षबागेतला मुलगा गेल्या उन्हाळ्यापासून माझ्याबरोबर आहे. हरिपूरला आम्ही दोनदा जाऊन आलो. पुढच्या खेपेला मिरजेकडे जाण्याचा विचार आहे, पावसाळ्यापूर्वी.